समोरच्यांना ऐकू जाणारा आवाज

बँडवाले इतकं जोरात का वाजवतात, ह्या एका विषयावरून मी आजवर निम्म्या इंदूरशी भांडले असेन. लग्नाच्या गार्डनमध्ये पाय ठेवला की छातीत धडधडायला लागतं, ते काही आनंदानं नाही, त्या बेसच्या डब्ब्यांनी. शेजारच्या बाईला मुलीचं कुठे जमलं का विचारायचं तर तिच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, आणि ती उत्तर देते ते भलत्याच प्रश्नाचं. माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि मजा म्हणजे मी स्वतः बँडमध्ये गाणारी बाई. मतलब ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्यातलीच मी.

आमचा बँड काही मोठा नाही. कीबोर्डवर आमचे हे. नोकरीत होते तेव्हा शनिवार-रविवार वाजवायचे, रिटायर झाल्यापासून सगळे वार सारखेच. ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठ्यांनी बडवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, एक मुलगा, मुलगा म्हणजे आता चाळिशीचा, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत मोबाईलचं दुकान आहे त्याचं. गिटारवाला महूहून मोटरसायकलवर येतो, तिकडे एका शाळेत शिकवतो. साऊंडवाला भिया, इंदुरात भैयाला भियाच म्हणतात, सगळे स्पीकर, वायरी आणि मिक्सर टेम्पोत घालून आणतो आणि कार्यक्रमभर पार मागे, समोसे-कॉफीच्या काउंटरपाशी आपलं टेबल मांडून बसतो. पुढे मी. आणि माझ्या मागे दोन पावलांवर, कोरसला, आमची सून. मराठी मंडळाचे कार्यक्रम, कुणाची साठी, कुणाची पंचाहत्तरी, डोहाळजेवण, लग्नाच्या आदल्या दिवशीचं महिला संगीत, अशी आमची कामं. पैशांसाठी कुणीच करत नव्हतं. मी तर मुळीच नाही. मला पुढे उभं राहून गायला आवडायचं, बस.

तर आवाज. मी एकेकाला धरून विचारायची. ऑक्टोपॅडवाला म्हणायचा, काकू, लोक जेवताना बोलतात, त्यांची बडबड आपल्याला दाबते, म्हणून आपण त्यांना दाबायचं. बरं, आपण वाढवलं की ते आणखी मोठ्यानं बोलतात, त्याचं काय? ते मग आपण आणखी वाढवायचं. गिटारवाला म्हणायचा, ऑक्टोपॅड वाढला की मी दिसतो फक्त, ऐकू येत नाही, म्हणून मी वाढवतो. आमचे हे म्हणायचे, उघड्या गार्डनमध्ये आवाज उडून जातो, तुला नाही कळायचं. साऊंडवाल्याला विचारलं तर तो हात जोडायचा. भाभीजी, मैं तो सबसे आखिरी आदमी हूँ, सब बोलते हैं बढ़ाओ तो बढ़ा देता हूँ. सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि माझे कान फुटायचे.

त्याच साऊंडवाल्यानं एकदा मला त्याची एक युक्ती सांगितली होती. मिक्सरवर शेवटचं एक बटण असतं, त्याला काहीच जोडलेलं नसतं. मुलाचे मामा नाही तर मुलीचे फूफाजी तणतणत येतात, भिया कम करो, नाही तर भिया बढ़ाओ. हा त्यांच्यादेखत ते बटण हळूच फिरवतो आणि म्हणतो, अब देखो. ते दोन सेकंद कान लावतात, मान डोलावतात आणि खुश होऊन जातात. हा किस्सा मी घरी-दारी, किटी पार्टीत, सगळीकडे सांगितला. लोक किती भोळे असतात बघा, म्हणून हसत हसत सांगितला.

मग मी कानात कापूस घालायला लागले. स्टेजवर चढायच्या आधी पर्समधून कापसाचा बोळा काढायचा, दोन्ही कानांत दाबून बसवायचा, वरून केस घ्यायचे. तरी मला माझं गाणं छान ऐकू यायचं. त्याचं कारण सांगते. गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक तिरपा डब्बा ठेवलेला असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. त्यातून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. समोर बसलेल्यांना जे जातं ते वेगळ्या, मोठ्या डब्ब्यांतून, आणि त्यांचं तोंड लोकांकडे. दोन्हींची बटणं वेगळी. म्हणजे गाणारी बाई जे ऐकते तेच समोर जातं असं काही नाही. मला हे माहीत होतं बरं का. इतकी वर्षं मॉनिटरपुढे उभी राहिलेली बाई मी, मला माहीत नसायला काय झालं. पण कधी डोक्यात आलंच नाही.

ह्या आवाजाच्या भांडणांच्या आधी माझं गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. थायरॉईडची गाठ होती, साधी निघाली, देवाची कृपा. पण त्यानंतर माझा आवाज गेला. बोलायला बसका आणि गायला तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींचा पूर्ण येतो, काहींचा नाही. त्या दिवसांत मी कुणाशी बोलायची नाही. जेवायला बोलावलं तरी तोंड भिंतीकडे करून पडून राहायची. आमच्या ह्यांना मी असं कधी बघितलंच नव्हतं, बिचारे कावरेबावरे झाले होते. शेवटी गणपतीत मंडळाचा कार्यक्रम ठरला आणि हे म्हणाले, उभी तर राहा, जमेल तेवढं गा, मी स्केल खाली घेतो. मी गायले. मॉनिटरमधून माझा आवाज आला, थोडा जाड, थोडा घोगरा, पण माझाच. वरच्या सुरांना जरा घसरतोय असं वाटलं, पण लगेच ऑक्टोपॅडनं असा काही धुमाकूळ घातला की ते झाकूनही गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळ मिळालं. बायका येऊन म्हणाल्या, ऑपरेशन झालंय असं वाटतसुद्धा नाही. घरी येऊन मी पोटभर जेवले. त्या दिवसापासून मी बरी झाले असं आमचे हे सगळ्यांना सांगायचे आणि मलाही तसंच वाटायचं.

सून तेव्हा नवीनच आली होती आमच्या घरात. इंदूरजवळच्या हातोदची, माळवी बोलणाऱ्या घरातली. वडील तिथल्या मंडीत आडते, धान्याची दलाली करणारे. मुलानं स्वतःच पसंत केली होती. आली तेव्हा मराठी एक शब्द धड येत नव्हता. पण गाण्याचा कान होता, ऐकून ऐकून उचलायची. आमच्या ह्यांनीच तिला कोरसला उभी केली. मी म्हटलं, राहू दे, घरातलीच आहे. पण तिला गाताना भान राहायचं नाही असं मला वाटायचं. मागून कधीकधी तिचा आवाज कापसातूनसुद्धा माझ्या मानेवर येऊन आदळायचा. मग मी तिला सांगायची, हळू गा, कोरस म्हणजे चटणी, भाजी नाही. चारचौघांतही सांगायची. पाहुण्यांनी कौतुक केलं की म्हणायची, कोरसला ठीक आहे, अजून खूप शिकायचं आहे तिला. ती मान खाली घालून हसायची. एकदा तर रिहर्सलला मी तिला म्हटलं, पुढच्या माणसाचं ऐकत गात जा, स्वतःचं घोडं दामटू नकोस. ऑक्टोपॅडवाला खाली बघायला लागला. मला वाटलं, काकूंचा वचक आहे.

हे असं दोन लग्नसराया चाललं.

परवाच्या फाल्गुनात आमच्या ओळखीच्या एका घरी लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारी महिला संगीत. बायपासच्या बाजूचं गार्डन, वर मांडव, खाली गाद्या आणि खुर्च्या, सगळ्या बायका हळदीच्या रंगाच्या साड्यांत. स्टेज चांगलं कमरेइतकं उंच. माझा गुडघा दुखतो, त्यामुळे मी एकदा स्टेजवर चढले की उतरत नाही. दुसऱ्या गाणाऱ्या बायका हातात कॉर्डलेस माईक घेऊन खाली जातात, बायकांच्या तोंडापुढे माईक धरतात, नाचतात. मला ते थिल्लर वाटायचं. मी आपली मॉनिटरपुढे उभी.

यजमानांची म्हातारी आत्या पहिल्या रांगेत गादीवर लोडाला टेकून बसली होती. नव्वदीला आलेली बाई, अंगभर सुरकुत्या आणि नाकात हिऱ्याची चमकी. तिला माझं गाणं फार आवडायचं. लग्नाचंच एक जुनं गाणं चाललं होतं, दुसऱ्या अंतऱ्यात चांगलं वर जाणारं. तिनं मला हात करून बोलावलं. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं परत बोलावलं, काहीतरी बोललीसुद्धा. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, आता नाही गेले तर म्हातारीचा मान राहत नाही. यजमानाच्या सुनेनं दंड धरला आणि मी हातात माईक घेऊन, गात गातच, पायऱ्या उतरले. मागे वळून बघितलं असतं तर आमच्या ह्यांचा चेहरा दिसला असता. नाही बघितलं.

आत्यांच्या पुढ्यात वाकले. त्या काहीतरी म्हणत होत्या, मला कापसामुळे ऐकू येईना. म्हणून मी डाव्या कानातला बोळा काढला.

आता कसं सांगू हे. मी मोठ्या डब्ब्यांच्या पुढे उभी होते, जिथे लोक बसतात तिथे, आणि माझं गाणं चाललं होतं. अंतरा वर चढत होता. इतका मोकळा, इतका गोड चढत होता की मला क्षणभर आनंदच झाला. बाई गं, आज काय लागलाय आवाज. आणि मग मला माझ्या गळ्यातला आवाज ऐकू आला, आतला, हाडांमधून येणारा. तो घसरत होता. वर पोचत नव्हता. त्याचा त्या डब्ब्यांतल्या आवाजाशी काही संबंध नव्हता.

मी गप्प बसले. ओळीच्या मध्यात तोंड मिटलं. गाणं चालूच राहिलं.

माझं तोंड बंद, माईक हनुवटीपाशी, आणि माझं गाणं माझ्याशिवाय पुढे चाललं आहे, सुरात, तालात, कुठे अडखळत नाही. मी स्टेजकडे बघितलं. सून डोळे मिटून गात होती. तिला कळलंच नव्हतं मी थांबले ते. मग मी बायकांकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या चमकतील, एकमेकींना ढोसतील. कुणीच चमकलं नाही. एक जण आपल्या ताटलीतल्या कचोरीकडे बघत राहिली. दुसरीनं घाईघाईनं लेकराचा शर्ट नीट केला. तिसरी माझ्याकडे बघून हसली, फार प्रेमानं हसली. आजारी माणसाकडे बघून हसतात तशी हसली ती. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं आणि दोन वर्षं त्या माझ्यासाठी टाळ्या वाजवत होत्या.

काय करणार होते मी? मी परत तोंड उघडलं आणि ओठ हलवायला लागले. आवाज न काढता. गाणं संपेपर्यंत त्या म्हाताऱ्या आत्यांपुढे वाकून, हसून, हात हलवून मी ओठ हलवले. आजवर काय केलं ते न कळता केलं असं म्हणता येईल, पण त्या दोन मिनिटांत मी समजून-उमजून केलं. आत्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. सरस्वती बसली आहे तुझ्या गळ्यात, म्हणाल्या. त्या एकट्यांनाच खरं काही माहीत नव्हतं, आणि त्यांना ऐकूही फारसं येत नव्हतं.

मी वर चढले. अजून बरीच गाणी बाकी होती. सगळी केली. कापूस परत कानात घातला आणि सगळी केली, कारण खाली उतरून जायचं तर का गेले ते सांगावं लागलं असतं. नंतर बायका आल्या, नेहमीसारखं बोलल्या, यजमानीणबाईंनी माझ्या ओटीत साडी घातली. मी घेतली. सून मागे जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होती. धरणीनं पोटात घ्यावं असं आपण उगाच म्हणतो, पण त्या दिवशी मी खरंच खाली जमिनीकडे बघत होते.

मुलगा-सून स्कूटरवर पुढे गेले. मी आणि हे गाडीत. उन्हं उतरली होती, बायपासला ट्रॅफिक तुंबला होता. साडी माझ्या मांडीवर.

मी म्हटलं, "अहो, कधीपासून?"

काय कधीपासून, असं विचारलं नाही त्यांनी. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा प्रामाणिकपणा असतो. "पहिल्या गणपतीपासून," म्हणाले.

मग हळूहळू सांगत गेले. रिहर्सलला माझा आवाज ऐकून त्यांना रडू आलं होतं. पण मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेन ह्याची जास्त भीती वाटली. साऊंडवाल्याला सांगून माझा माईक बाहेर अगदी बारीक ठेवला, मॉनिटरमध्ये मात्र मोठा, वर थोडा एको घालून. बाहेर सुनेचा माईक मोठा, आणि मॉनिटरमध्ये तो बंद. वाटलं होतं महिना-दोन महिन्यांची गोष्ट आहे, गळा सुधारला की गुपचूप सगळं जागच्या जागी करू. गळा सुधारला नाही.

मी विचारलं, मग एवढं जोरात का वाजवायचा तुम्ही सगळे? दोन वर्षं मी कोकलतेय, कमी करा म्हणून.

त्यांनी गिअर बदलला. "तिचा आवाज मागून तुला ऐकू आला असता ना."

माझ्या त्या भांडणाचं उत्तर हे होतं. निम्म्या इंदूरला विचारत फिरत होते, आणि उत्तर माझ्या शेजारी, माझ्याच घरात, कीबोर्डवर बसलेलं. ऑक्टोपॅडला खूण हे करायचे, साऊंडवाल्याला खूण हे करायचे, आणि मी कापूस घातला तेव्हा ह्यांना हायसं वाटलं असणार. मला संताप आला. मी म्हटलं, मला वेड्यांच्या बाजारात उभी केलीत. ते म्हणाले, तू जेवत नव्हतीस गं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मला एकेक आठवायला लागलं. मंडळात मी केलेलं भाषण, की गाणाऱ्यानं रियाज सोडला नाही तर वय आड येत नाही. शेजारणीच्या मुलीला आवाज कसा लावायचा ते शिकवलं होतं. आणि सुनेला म्हटलं होतं, चटणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होते. मुलगा ऑफिसला गेला, हे मुद्दामच भाजी आणायला बाहेर पडले. मी ठरवलं होतं की मोठ्या मनानं करायचं सगळं. तिची माफी मागायची. म्हणायचं, आजपासून पुढे तू उभी राहा. मनातल्या मनात मी तिला जवळ घेऊन पाठीवरून हातसुद्धा फिरवला होता. लाजेनं मेलेली बाईसुद्धा कुठेतरी चांगलं दिसायची सोय बघते, त्यातलाच प्रकार.

ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी स्टूल ओढून समोर बसले आणि बोलायला सुरुवात केली. काल मला सगळं कळलं, मी तुला नको नको ते बोलले, दोन वर्षं तुझ्या गाण्याची शाबासकी मी घेतली, वगैरे. ती हातातली काडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला काही समजेना असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग ती म्हणाली, "पण मम्मीजी, तुम्हीच तर सांगितलं होतं ना."

मी म्हटलं, काय सांगितलं होतं?

ते तिनं सांगितलं. भराभर, अर्ध्या हिंदीत, मेथीकडे बघत. लग्नाला चार महिने झाले असतील, पप्पाजींनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तिला गच्चीवर बोलावलं आणि म्हणाले, तुझ्या सासूची इच्छा आहे, ती पुढे उभी राहील आणि तू मागून तिच्यासाठी गा. पण तिच्याशी ह्या विषयावर कधी एक शब्द बोलायचा नाही, तिला लाज वाटते. नव्या सुनेनं ऐकलं. दुसरं काय करणार होती? हातोदला आईला फोन करून रडली, तर आई म्हणाली, सासूची मर्जी आहे, गा. आणि ती गात राहिली. मी चारचौघांत तिला हळू गा म्हणायची, तेव्हा तिला वाटायचं, कुणाला शंका येऊ नये म्हणून मम्मीजी मुद्दाम म्हणतायत. पाहुण्यांपुढे मी तिला कोरसपुरती ठरवायची, तेही त्यातलंच. शाल घ्यायची, तेही. तिला वाटायचं मी फार हुशार आहे.

"पहिलं पहिलं वाईट वाटायचं," ती म्हणाली. "मग सवय झाली."

म्हणजे दोन वर्षं ही पोर ज्या सासूबरोबर राहत होती ती बाई मी नव्हतेच. ती सासू सुनेचा आवाज ठरवून, उघड्या डोळ्यांनी चोरत होती आणि वर तिलाच टाकून बोलत होती. आणि अशा सासूला ही सकाळचा चहा देत होती, माझा गुडघा दुखला की तेल गरम करून आणत होती, सणाला वाकून नमस्कार करत होती. हातोदचं सगळं घर मला तसंच ओळखत होतं. दिवाळीला त्यांच्याकडे मी ऐटीत फराळाचा डबा घेऊन गेले होते, आणि तिच्या आईनं माझ्याकडे बघून डोक्यावरचा पदर नीट केला होता. मला वाटलं होतं, किती मान देतात.

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं. खरंच मला माहीत नव्हतं."

बोलताना मलाच कळलं, हे किती खोटं ऐकू येतंय. ह्यांना साक्षीला बोलवावं, तर तिला पहिल्यांदा खोटं सांगणारे हेच, आता माझ्यासाठी आणखी एकदा बोलले तर तिनं का म्हणून मानावं. ऑक्टोपॅडवाल्याला बोलावू? साऊंडवाल्याला? आणि काय सांगू त्यांना, की भिया, माझ्या सुनेला जरा पटवून द्या, तिची सासू चोर नाही, फक्त मूर्ख आहे?

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तिनं माझ्या आवाजाची जशी काळजी घेतली होती, तसंच सांभाळून बघितलं. मान हलवली आणि म्हणाली, "ठीक आहे, मम्मीजी." मग मेथीची पुढची जुडी सोडली.

तिचा विश्वास बसला नव्हता. तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.